तलावातून गेलेली रेघ

लग्न होऊन बालाघाटात आले तेव्हा मी मॅट्रिक पास होते, आणि नकाशा वाचता येणारी या घरातली पहिली सून होते. यातली पहिली गोष्ट बोर्डाने ठरवली होती, दुसरी मी. भूगोलात बरे मार्क पडायचे, त्यामुळे परदेशातल्या नद्या कुठून निघतात नि कुठे मिळतात हे मी झोपेतही सांगितलं असतं. आपली वैनगंगा घराच्या कुठल्या अंगाला वाहते, हे मात्र सासरी येऊन बरेच दिवस झाले तरी मला ठाऊक नव्हतं. कोणी विचारलं असतं तर मी छातीठोकपणे रेल्वे स्टेशनाकडे बोट दाखवलं असतं.

माझे सासरे, म्हणजे मामंजी, जमीन मोजणीच्या खात्यातून कानूनगो म्हणून निवृत्त झालेले. तरुणपणी त्यांनी जरीब, म्हणजे मोजणीची साखळी, ओढत सगळं बालाघाट पायाखाली घातलं होतं. पुढे नोकरी बैहरला गेली, परसवाड्याला गेली, आणि ते परत आले ते पेन्शन घेऊनच. बैठकीच्या भिंतीवर देव एक होता, नकाशे पुष्कळ. त्यातला सगळ्यात मोठा, कापडावर डकवलेला, बालाघाटचा. तो त्यांच्या हातचा होता. पाहुणा आला की त्याला आधी तो नकाशा दाखवायचे, पाणी मागाहून.

माझ्याशी ते बोलत नसत. राग नव्हता, रीत होती. मी समोर चहाचा कप धरून उभी असले तरी ते भिंतीकडे पाहून म्हणायचे, "सुनेले सांगा, साखर कमी पडली." सांगायला तिथे दुसरं कोणी नसायचं. मग मी भिंतीच्या वतीने साखर घेऊन यायची.

त्यांच्या मनात एक जुना सल होता. छप्पन साली राज्यांच्या हद्दी बदलल्या आणि नागपूरशी मांडलेला संसार मोडून आमचा बालाघाट जिल्हा भोपाळच्या घरी नांदायला गेला. माझं माहेर गोंदियाकडचं. माझं लग्न ठरलं तेव्हा आमच्या गावातल्या बाया डोळ्यांना पदर लावून म्हणत होत्या, पोरीले परराज्यात दिली. परराज्य म्हणजे सकाळची बस धरली तर दुपारच्या जेवणाला पोचता येईल इतकं लांब. मामंजी त्या हद्दीबद्दल नेहमी म्हणायचे की एवढी मोठी रेघ आमच्या अंगणावरून गेली, पण या जिल्ह्यात कोणाले साधं विचारलंही नाही.

म्हणून नगरपालिकेचे वार्ड नव्याने पाडायचं ठरलं आणि नगरपालिकेचा माणूस सल्ला मागायला आमच्या दारी आला, तेव्हा मामंजी नवरदेवासारखे खुलले. गाव वाढलं होतं. तांदळाच्या गिरण्या आल्या होत्या, स्टेशनापलीकडे वस्ती झाली होती, आणि जुन्या वार्डांत एकीकडे माणसंच माणसं, एकीकडे नुसती चिंचेची झाडं, असा प्रकार होता. निवडणुकीआधी हे सगळं सारखं करायचं होतं. मामंजींनी आपला मोठा नकाशा भिंतीवरून उतरवला, टेबलावर पसरला आणि दोऱ्या, टाचण्या, पेन्सिली घेऊन बसले. त्या टेबलावर सासूबाईंच्या मुगवड्या वाळत असायच्या. त्या खाटेवर गेल्या, खाटेवरचे आमचे हे जमिनीवर आले.

चहा नेण्याच्या निमित्ताने मी तो नकाशा चोरून बघायची. आमच्या वार्डाची आणि शेजारच्या वार्डाची सीमा मला सगळ्यात आवडली. बाजाराच्या रस्त्याने निघून ती मातामायच्या देवळापर्यंत यायची, तिथून तलावात शिरायची, पाण्याच्या मधोमध सरळ जायची आणि पलीकडे नदीच्या वाटेला लागायची. पाण्यातून रेघ नेली की कोणाचं घर दुखत नाही, असं मामंजी नगरपालिकेच्या माणसाला समजावत होते. मी दाराआड उभी राहून मान डोलवत होते, जशी काही माझ्याच संमतीसाठी सगळं थांबलं होतं.

आता घरातली एक गोष्ट सांगायला हवी. माझे मोठे दीर कचेरीत वकिली करायचे, आणि त्यांना नगरपालिकेचं मेंबर व्हायचं होतं. आमच्याच वार्डातून. हे सगळ्या गावाला माहीत होतं, कारण ते महिनाभरापासून ओळखीच्या नसलेल्या माणसांच्या घरच्या बारशांनाही जाऊ लागले होते.

कच्चा नकाशा नगरपालिकेच्या व्हरांड्यात लागला. कोणाची हरकत असेल त्याने ठरल्या दिवशी येऊन सांगावी, अशी दवंडी फिरली. आणि गावाचं वागणं बदललं. मामंजी वाचनालयात गेले की पेपर वाचणारे आणखी मन लावून पेपर वाचू लागले. किराणावाला, जो सासूबाईंना दारापर्यंत सोडायला यायचा, तो तराजूवरून मान वर करेना. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे शिंगाडेवाली म्हातारी यायची थांबली.

ही म्हातारी तलावाकाठच्या टोल्यातली, म्हणजे तिथल्या छोट्या वस्तीतली. टोल्यातली माणसं मासे धरायची आणि तलावात शिंगाड्याचे वेल लावायची. दिवाळी झाली की म्हातारी टोपली घेऊन आमच्या ओसरीवर बसायची आणि सासूबाईंशी भाव ठरवता ठरवता अर्ध्या गावाच्या सोयरिकी जमवायची नि मोडायची. त्या वर्षी कार्तिकी एकादशी तोंडावर आली तरी तिचा पत्ता नाही. उपासाला शिंगाड्याचं पीठ नाही म्हणजे आमच्या घरात धर्म बुडाल्यासारखं. सासूबाई मला म्हणाल्या, "जा बरं टोल्यावर. बिमार आहे की रुसली, पाहून ये."

पिशवी घेऊन मी निघाले. एकटीने इतक्या लांब जायची पहिलीच वेळ. वाट विचारायची मला लाज वाटली, कारण नकाशा वाचता येणाऱ्या बाईने वाट विचारायची नसते. त्यामुळे आधी मी गिरणीच्या कोंड्याच्या ढिगापाशी पोचले, मग गुरांच्या दवाखान्यापाशी, आणि शेवटी एक शेळी जिकडे चालली होती तिकडे गेले तेव्हा टोला सापडला.

म्हातारी धडधाकट होती. अंगणात बसून उकडलेले शिंगाडे सोलत होती. तिच्याभोवती टोल्यातल्या बायका होत्या. मला पाहून कोणी सरकून जागा दिली नाही. मी विचारलं, आजी, आमच्याकडे काहून येत नाही? तर ती हातातल्या सुरीकडे बघत म्हणाली की तुमच्या मामंजींनी आमचा टोला उभा चिरला, आता तुमच्या दारी टोपली घेऊन यायचं म्हणजे आपल्याच चिरफळ्या विकायला आणल्यासारखं होईल.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. नव्या रेघेने अर्धा टोला आमच्या वार्डात आणि अर्धा शेजारच्या वार्डात गेला होता. टोल्याने या वेळी आपला माणूस उभा करायचं ठरवलं होतं. म्हातारीचाच पुतण्या, बाजारात सायकली दुरुस्त करायचा. सगळा टोला एका वार्डात असता तर तो निवडून येण्याजोगा होता. अर्धा इकडे अर्धा तिकडे झाला की दोन्हीकडे त्यांची मतं पाण्यात. आणि आमच्या वार्डातून उभं कोण राहणार, तर रेघ मारणाऱ्याचा पोरगा. बायकांनी मला एवढंच सांगितलं. निष्कर्ष काढायचं काम माझ्यावर सोडलं.

मला राग आला. मामंजींवर कोणी बोट दाखवावं? मी पदर खोचला, एक काडी उचलली आणि त्या अंगणाच्या मातीत नकाशा काढायला घेतला. काय ते माझं रूप! नाकात नवी नथणी, पायात चिखलाने माखलेल्या चपला, आणि आवाज आमच्या शाळेतल्या मोठ्या बाईंचा. हा बाजार, मी म्हटलं. हे मातामायचं देऊळ. हा तलाव. आणि ही रेघ, पाहा, तलावाच्या पाण्यातून जाते. पाण्यात कोणी राहत नाही. मग कोणाचं घर कसं चिरलं जाईल? तुम्ही उगाच ऐकीव गोष्टींवर जाता. नकाशात सगळं स्पष्ट आहे.

म्हातारीने शिंगाडा तोंडात टाकला, चावला, गिळला.

"सूनबाई," ती म्हणाली, "तू आता उभी कुठं हायेस?"

"तुमच्या अंगणात."

"नाही. तलावात उभी हायेस. पाय भिजले काय, पाहून घे."

बायका अशा हसल्या की अंगणातल्या कोंबड्या उडाल्या. मी खरोखर पाय पाहिले. आज साठ वर्षांचा संसार झाला, नातवंडं झाली, पण तेव्हा मी खाली वाकून पाय पाहिले, हे आठवलं की अजूनही तोंडावर पदर घ्यावासा वाटतो.

मग म्हातारीने मला तिथली हकीकत सांगितली. वरच्या अंगाला नवी सडक झाली तेव्हा नाल्याचं पाणी दुसरीकडे वळलं. तलाव आटत आटत मागे सरकला. जुना टोला पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, दाटीवाटीने वसलेला होता. जमीन मोकळी झाली तशी पोरासोरांची घरं खाली उतरली. मामंजींनी मोजणी केली तेव्हा तिथे माणूस बुडेल इतकं पाणी होतं. आता तिथे चुली पेटत होत्या. हे सगळं ते बैहर-परसवाड्याला असताना झालं, आणि परत आल्यावर त्यांचे पाय घर, बाजार, वाचनालय याच्या पुढे कधी गेलेच नाहीत.

"इतकी वर्सं आमचे शिंगाडे खाल्ले बाबूजीनं," म्हातारी म्हणाली, "आन आमी राहतो कुठं, थेच त्याईले मालूम नाही? हे आमी कसं खरं मानावं?"

खरं होतं ते सांगूनही खोटंच वाटलं असतं.

घरी आल्यावर मी सासूबाईंना स्वयंपाकघरात सगळं सांगितलं. मामंजी पडद्यापलीकडे बसलेले आहेत हे आम्हा दोघींना माहीत होतं. त्यामुळे मी जरा मोठ्याने सांगितलं आणि सासूबाई जरा कमी ऐकू येत असल्यासारखं पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या. पडद्यापलीकडून आधी खाकरणं आलं, मग आवाज आला, "सुनेले सांगा, तो नकाशा माझ्या हातचा आहे. त्यात चूक नाही."

नकाशात चूक नव्हतीच, तलाव हलला होता. पण हे म्हणायचं कोणी?

तेवढ्यात मोठे दीर कचेरीतून आले. सासूबाईंनी त्यांच्यासमोर चहा ठेवला आणि सहज विचारावं तसं विचारलं की टोल्याची घरं तलावाच्या जागेत उतरलेली तुले माहीत होतं काय. दीर म्हणाले, कायद्यात जलाशय ही नैसर्गिक सीमा धरतात. सासूबाई म्हणाल्या, मी कायदा नाही विचारला. दीर म्हणाले, कच्च्या नकाशावर हरकत घ्यायची सोय आहे, ज्याला घ्यायची तो घेईल.

"तू मतं मागायले टोल्यावर गेलता," सासूबाई म्हणाल्या. "चालत गेलता की पोहत?"

पडद्यापलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मामंजींनी ऐकलं होतं. आपल्या नकाशातली चूक आपल्या पोराला ठाऊक होती आणि ती त्याने तशीच राहू दिली, हे त्यांना माझ्या सगळ्या मोठ्या आवाजापेक्षा जास्त लागलं असणार. त्या दिवसापासून जेवायला ते दिरांच्या पंगतीत बसले नाहीत.

आता अडचण अशी झाली की चूक कळून भागत नव्हतं. सासूबाईंजवळ मामंजींनी मन मोकळं केलं ते मी ऐकलं, आणि ऐकायलाच मी तिथे डाळ निवडत बसले होते. ते म्हणाले, "आता रेघ बदलली तर लोक म्हणतील पकडला गेला म्हणून बदलली. नाही बदलली तर म्हणतील पोरासाठी मारली. मी काही केलं तरी रेघ वाकडीच."

जन्मभर या माणसाने लोकांच्या बांधांची भांडणं मिटवली होती. त्यांनी दगड रोवला की दोन्ही भाऊबंद घरी जायचे, असं त्यांचं नाव. ते नाव आता टोल्याच्या अंगणात पडलं होतं, आणि ते उचलायची वाट कोणाला दिसत नव्हती. मला दिसली होती म्हणा. टोल्यावर जाऊन चूक समजावून सांगणारं एक भाषण मी मनात तयार केलं होतं. सासूबाईंनी ते सुरुवातीलाच थांबवलं आणि मला लसूण सोलायला बसवलं. फार उपकार झाले.

हरकती ऐकायच्या दिवशी सासूबाईंनी ठेवणीतलं नऊवारी नेसलं आणि मला म्हणाल्या, चल. बायका अशा ठिकाणी जात नसत. आम्ही नगरपालिकेच्या सभागृहात मागच्या भिंतीला टेकून उभ्या राहिलो, आणि पाहिलं तर टोल्यातल्या बायका आधीच खाली बसलेल्या. हरकती ऐकणारा साहेब तरुण होता, बाहेरून नुकताच बदलून आलेला, हिंदी बोलणारा. त्याने नकाशा टेबलावर पसरला आणि कोणाला काय म्हणायचं आहे ते विचारलं. सायकलवाला पुतण्या उठला, पण बोलली म्हातारीच.

ती म्हणाली की कागद आम्हाला वाचता येत नाही, आणि आता वाचून दाखवणाऱ्यावर भरवसा राहिला नाही. पण आमच्या मूळच्या गावी शिवेचा तंटा झाला तर एक रीत होती. सगळे ज्याला खरा मानतात अशा माणसाने आंघोळ करून, अनवाणी, डोक्यावर शिवेची माती घेऊन चालायचं. तो जिथून जाईल ती शीव. खोटा चालला तर वर्ष पालटायच्या आत त्याच्या घराला लागतं.

"बाबूजीनं माती घेऊन चालावं," ती म्हणाली. "आमच्या चुलीवरून गेले तरी आमी हूं का चूं करनार नाही."

माझ्या शेजारी सासूबाईंचा हात भिंतीवर घट्ट झाला. घराला लागतं म्हणजे पोराला लागतं, हे त्यांच्याही माहेरी मानत. मी मॅट्रिक पास असल्यामुळे असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. घरी गेल्यावर तुळशीपुढे मी जरा जास्त वेळ उभी राहिले, ते वेगळं.

साहेब गोंधळला होता. मामंजींकडे वळून त्याने हळूच विचारलं, "बाबूजी, ये रिकॉर्ड में कैसे लिखेंगे?"

मामंजी उठले. टोपी सारखी केली. "लिखिए, मौका मुआयना किया," ते म्हणाले. "जागेवर जाऊन पाहण्याले आमच्या खात्यात हेच म्हणतात. हे काम मी आधीच करायचं होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते निघाले. बाजाराच्या रस्त्यावरची मूठभर माती सासूबाईंनी पळसाच्या पानावर घेतली आणि स्वतःच्या हाताने त्यांच्या डोक्यावर ठेवली. मामंजींना टोपीशिवाय मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मागे साहेब, त्याच्यामागे चुन्याची बादली घेतलेले नगरपालिकेचे लोक, मग दोन्ही वार्डांतली माणसं, आणि सगळ्यांच्या मागे आम्ही बायका. मोठे दीरही आले होते, बूट घालून. लग्नाची वरात आणि मयत यांच्या मधलं काहीतरी चाललं होतं.

बाजाराचा रस्ता झाला, देऊळ झालं. मामंजी ताठ चालत होते. देवळामागून ते जुन्या पाळीवर चढले आणि वर जाऊन थांबले.

समोर तलाव नव्हता. कौलं होती, कुडाच्या भिंती होत्या, वाळत घातलेली जाळी, शेळ्या, वेलींनी भरलेले मांडव. पाणी खूप मागे, एका लांबट पट्ट्यासारखं चमकत होतं. पानावरची माती मामंजींच्या मानेवर ओघळत होती. हा तलाव त्यांनी ऐन तारुण्यात मोजला होता, त्याचा आकार ते डोळे मिटून काढू शकत होते, आणि आता ते अशा चेहऱ्याने बघत होते जसं लहानपणी पाहिलेलं मूल एकदम दाढीमिशा घेऊन समोर यावं.

मग ते उतरले. नकाशातली रेघ सरळ होती, आणि त्या सरळ वाटेवर पहिलं घर म्हातारीचं होतं. ती दारात उभी होती. मामंजी जवळ आले तशी ती बाजूला झाली आणि तिने दाराची दोन्ही पाखं उघडून धरली. आतून मागचं दारही उघडं दिसत होतं.

"या बाबूजी," ती म्हणाली. "रेघ इथूनच जाते ना. चूल जराशी डावीकडं हाये, पाय सांभाळून."

कोणी हसलं नाही. मामंजी उंबऱ्यापाशी थांबले. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "रेघ चुकली आहे. माझ्या हातची आहे, म्हणून मीच सांगतो."

आणि ते वळले. एका बाजूला सगळी घरं ठेवून, टोल्याला वळसा घालून ते पाण्याच्या खऱ्या काठाकडे निघाले. ती वाट वाट नव्हतीच. दलदल होती. त्यांचे पाय पोटऱ्यांपर्यंत रुतत होते, चुना चिखलावर धरत नव्हता, साहेबाने पँट वर दुमडली होती. सगळ्यांना कळत होतं काय चाललंय. टोला सगळाच्या सगळा आमच्या वार्डात येत होता. म्हणजे आमच्या दिरांची मेंबरकी एकेक पावलाने त्या चिखलात जात होती, आणि त्यांचे वडीलच ती डोक्यावरून वाहून नेत होते.

मी मामंजींकडे पाहत होते. सासूबाई मात्र दिरांकडे पाहत होत्या.

एका ठिकाणी मामंजींचा तोल गेला. तेव्हा दिरांनी काठावर बूट काढले, चांगली इस्त्रीची पँट तशीच घेऊन चिखलात उतरले आणि वडिलांच्या कोपराला धरायला गेले.

"हात नको लावू," मामंजी म्हणाले. "लोक म्हणतील पोरानं ढकलला." मग दोन पावलं गेल्यावर म्हणाले, "बाजूनं चाल."

दीर बाजूने चालले. बापलेक शेवटपर्यंत असे चिखलातून चालले, एकमेकांना न धरता. नदीची वाट लागली तिथे मामंजींनी उरलेली माती खाली सोडली. टोल्यातल्या एका बाईने त्यांच्या पायांवर पाणी ओतलं. साहेबाने विचारलं, और किसी को आपत्ति, म्हणजे आणखी कोणाची हरकत? दोन्ही वार्डांतलं कोणी काही बोललं नाही. त्या संध्याकाळी दिरांचं ताट मामंजींच्या शेजारी वाढायला सांगण्यात आलं. अर्थातच, भिंतीला.

निवडणुकीत दीर उभे राहिलेच. पोस्टरं लावली, घरोघर गेले, टोल्यावरही गेले. तिथे त्यांना शिंगाडे मिळाले, मतं नाही. मतदानाला मी आणि सासूबाई बरोबर गेलो. दीर धरून चालले होते की घरची मतं तर खिशातच आहेत. परत येताना सासूबाईंनी विचारलं, "कोणाले दिलं वो?" मी म्हटलं, "तुम्ही कोणाले दिलं आत्याबाई?" मग दोघींनी पदर सारखा केला आणि भाजीच्या भावाबद्दल बोलत घरी आलो. आमच्या यांनीही मला पुष्कळदा विचारलं. शेवटपर्यंत सांगितलं नाही.

सायकलवाला निवडून आला. गुलाल, ताशे, सगळा टोला नाचत आमच्या गल्लीत शिरला आणि दारासमोर थांबला. मिरवणुकीत टवाळखोर असतातच. त्यांतल्या एकाने दिरांना आवाज दिला, "वकीलसाहेब, बापानंच पाडलं ना तुमाले?"

दीर ओट्यावर आले. पांढराशुभ्र सदरा होता अंगात. म्हणाले, "रेघ सरळ होती. मीच कमी पडलो." आणि खाली उतरून सायकलवाल्याच्या ओंजळीतला गुलाल त्यांनी स्वतःच्या कपाळाला लावून घेतला.

मामंजी खिडकीत उभे होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. गर्दीतून म्हातारी पुढे आली आणि दिरांच्या हातात शिंगाड्यांची पुरचुंडी ठेवून गेली, भाव न ठरवता.

नंतरही वार्ड पुष्कळदा बदलले. माझी नातवंडं हल्ली घरात हिंदीच बोलतात, आणि निवडणूक आली की म्हणतात, आजी, सगळे चोर असतात. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. मी त्यांना एवढंच सांगते की आपल्या घरातला एक माणूस निवडणूक हरून ओट्यावर परत चढला, तेव्हा त्याच्या आईने त्याला उंबऱ्यातच थांबवलं. आत जाऊन मीठमोहऱ्या आणल्या, चार लाल मिरच्या आणल्या, आणि जिंकून आलेल्याची काढावी तशी, सगळ्या गल्लीदेखत, त्याची दृष्ट काढली.